वहीतले गोल

१

शनिवारी सकाळी साडेआठला केल्विन माझ्या ड्राइव्हवेमध्ये उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याची पन्नासावी मॅच होती. म्हणजे शुक्रवार दुपारपर्यंत तरी होती.

"मावशी, आत येत नाही. रूल्स," तो म्हणाला आणि हातातला कागद त्याने माझ्या पत्रपेटीवर ठेवला. मग दोन पावलं मागे सरकला.

केल्विन तुस्कानो माझ्या धाकट्या बहिणीचा, ब्रिजेटचा, धाकटा मुलगा. वसईहून मेलबर्नला आला तेव्हा दोन वर्षांचा होता. आता सव्वीस. साल्टवॉटर क्लबकडून फुटी खेळायचा. इथली फुटी म्हणजे तो लंबगोल चेंडू, बिनबाह्यांची जर्सी आणि खांद्यांवर चढून झेल, म्हणजे मार्क, घेणारी माणसं. एकोणिसाव्या वर्षी क्लबने त्याला घेतलं, तेही यादीच्या अगदी तळाला. सात सीझन्स झाले. एकदा गुडघा उघडून पुन्हा बांधला, दोनदा त्याला काढून टाकणार होते, दोन्ही वेळा तो उरला. सात वर्षांत एकोणपन्नास मॅचेस. हिऱ्यामोत्यांची कारकीर्द नव्हे, पण आमच्या सगळ्या खानदानात पेपरात फोटो आलेला तो एकटाच. खोटं कशाला बोलू, ब्रिजेट तो फोटो दाखवायला लागली की मी चहा ठेवायला उठायची. मला मूलबाळ नाही.

मी कागद उचलला. एका फोटोचा प्रिंटआउट होता, जरा धुरकट. वहीचं एक पान, केल्विनचं मोठं मोठं ठसठशीत अक्षर: झोप किती, वजन किती, किती किलोमीटर पळालो. आणि काही दिवसांच्या कडेला छोटासा गोल.

"ही माझी ट्रेनिंगची वही," केल्विन म्हणाला. "काल दुपारी कोणीतरी क्लबच्या डॉक्टरला हा फोटो मेल केला. नाव नाही. तीनच ओळी. गोल काढलेत ते दिवस बघा. त्या दिवशी त्याचं डोकं ठीक नव्हतं. दोन जूनबद्दल त्याला विचारा."

"आणि हे खरं आहे?"

"फेब्रुवारीत ट्रेनिंगला डोक्यावर गुडघा लागला होता. तेव्हापासून मधूनमधून गरगरतं. लाइट सहन होत नाही. मी कोणाला सांगितलं नाही, मावशी. यंदा कोविडमुळे सगळे क्लब लिस्ट कापतायत. डोक्याचं कळलं असतं तर पहिला मीच गेलो असतो."

डॉक्टरने त्याला तिथल्या तिथे बाजूला काढलं होतं. पुढच्या शनिवारी टीम क्वीन्सलंडला निघणार होती, सीझन तिकडेच पुरा करायला. केल्विन जाणार नव्हता. आधी स्कॅन, मग न्यूरॉलॉजिस्ट, मग बघू.

"तुझं कामच आहे ना हे? शोधून दे."

माझं काम म्हणजे विमा कंपनीत जखमी कामगारांचे दावे तपासणं. मार्चपासून डायनिंग टेबलावर बसून मी दिवसभर फोनवर लोकांची पाठदुखी ऐकत होते. खरी कुठली, खोटी कुठली, ते आवाजावरून कळतं.

"वही कुठे असते?"

"घरी. बाहेर नेतच नाही. आणि मेपासून आमच्या घरात कोणी पाऊल टाकलेलं नाही. प्लेयरच्या घरात पाहुणे अलाउड नाहीत. प्लंबरसुद्धा नाही. घरात दोनच माणसं आहेत, मावशी. मी आणि रेनी. मी तर पाठवलं नाही."

२

रेनी, केल्विनची बायको, ठाण्याची. फार्मसिस्ट. रविवारी दुपारी, म्हणजे मॅचच्या वेळेला, मी त्यांच्या घरासमोरच्या गवतावर फोल्डिंग खुर्ची टाकून बसले. ती मास्क लावून दारात, पायरीवर. ट्रुगानिनाच्या त्या नव्या वस्तीत झाडं अजून माणसाएवढीही झालेली नाहीत. वारा थेट तोंडावर येत होता.

"तो गॅरेजमध्ये झोपतो दोन दिवस," ती म्हणाली. "माझ्याशी बोलत नाही."

"तूच पाठवलंस का?"

"पाठवायला हवं होतं." तिने गुडघ्यांभोवती हात आवळले. "मी धमकी दिली होती, मावशी. महिन्यापूर्वी. तो बाथरूममध्ये भिंत धरून उभा होता. मी म्हटलं, तू सांगितलं नाहीस तर मी डॉक्टरला फोन करीन. तो रडला. पन्नास होऊ दे म्हणाला. आणि मी गप्प बसले. मूर्ख."

"वही वाचायचीस?"

"कशाला? किती पळाला त्याचं मला काय करायचंय? तुला सांगू, मला त्या गेमचा मत्सर वाटतो. दुसऱ्या बाईचा वाटावा तसा. सकाळी उठल्यावर पहिला तिचा विचार, रात्री शेवटचा तिचा. मी तिची वही वाचायला जाणार?"

"मग गोल म्हणजे डोकं, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"मेल वाचल्यावर कळलं."

हा आवाज खरा होता. पण खऱ्या आवाजावर मी एकदा फसले आहे, त्यामुळे तेवढ्यावर थांबत नाही. म्हटलं, ती वही आण.

तिने वही आणून पायरीच्या टोकाला ठेवली आणि मागे झाली. मी सॅनिटायझर लावून ते पान काढलं, शेजारी प्रिंटआउट धरला. तेच पान. तेच अक्षर. तरी दोन्ही एकसारखी नव्हती.

पहिली गोष्ट, प्रिंटआउटच्या अगदी खालच्या कडेला एक लाल कमान होती. नखाएवढी, अर्धवट कापलेली. वहीत ती नव्हती.

"तुमच्याकडे लाल पेन आहे?"

"नाही. तो फक्त निळ्याने लिहितो. सुपरस्टिशन."

दुसरी गोष्ट बघायला मला चष्मा पुसावा लागला. वहीत पान भरलेलं होतं, चौदा जूनपर्यंत. फोटोत मात्र आठ जूनची ओळ शेवटची. नऊची ओळ कोरी.

"केल्विन लिहितो कधी?"

"झोपताना. रोज. एक दिवस चुकत नाही."

म्हणजे फोटो आठ तारखेच्या रात्रीनंतर आणि नऊच्या रात्रीआधी घेतलेला होता. आणि मेल गेली सव्वीसला.

ज्याने कोणी हे केलं, त्याला केल्विनचं दुखणं सतरा दिवस माहीत होतं, आणि सतरा दिवस तो गप्प होता.

३

बेन्सन हा केल्विनचा थोरला भाऊ. क्रेगीबर्नला राहतो, वेअरहाऊसमध्ये शिफ्ट सुपरवायझर. मी त्याला गुरुवारी गाठला, आणि तेही फोनवर, कारण आदल्या रात्रीपासून सरकारने कोविडमुळे त्यांचा पोस्टकोड बंद केला होता.

आमच्या घरात सगळ्यांच्या मनात एकच नाव होतं. कोणी बोलत नव्हतं एवढंच. सतराव्या वर्षी बेन्सन केल्विनपेक्षा चांगला खेळायचा, हे मी नाही, क्लबची माणसं सांगायची. उंच, डाव्या पायाची किक साठ मीटर. त्याला कोणी घेतलं नाही. तीन वर्षांनी केल्विनला घेतलं.

"मला वाटलंच तुझा फोन येणार," बेन्सन म्हणाला. "गो ऑन. विचार."

"तू पाठवलंस?"

"नो."

"जळतोस त्याच्यावर?"

तो हसला, पण चांगलं हसला नाही. "मावशी, मी संडेला लोकल टीमकडून खेळायचो ना, तर समोरचे बॅकलाइनवाले मला केल्विन म्हणून हाक मारायचे. मुद्दाम. 'हे केल्विन, क्लबने सोडलं का तुला?' यंदा लोकल फुटीच कॅन्सल झाली तेव्हा बायकोला वाटलं मी अपसेट आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. हो, जळतो. रोज. त्याची मॅच असली की मी टीव्ही लावतो आणि मनात म्हणतो, सोड तो बॉल, सोड. मग त्याने मार्क घेतला की मीच ओरडतो. आता काय करायचं ते कर."

"मेलमध्ये लिहिलंय की गोल म्हणजे डोकं. हे केल्विनने कोणाला सांगितलेलं नाही. वहीत कुठे लिहिलेलंही नाही. मग पाठवणाऱ्याला कसं कळलं?"

पलीकडे त्याची मुलगी इंग्रजीत कार्टूनशी भांडत होती.

"अजून गोल काढतो तो?" बेन्सनचा आवाज एकदम मऊ झाला. "वॉव. ती आमची लहानपणची वही, मावशी. आम्ही दोघं लिहायचो. त्रिकोण म्हणजे गुडघा. आडवी रेघ म्हणजे कंबर. गोल म्हणजे डोकं. कोचने वही मागितली तरी कळू नये म्हणून. दुखतंय कळलं तर बेंचवर बसवतात."

"ही खुणांची भाषा कोणाची?"

"पप्पांची. ट्रेनिंग पप्पाच घ्यायचे ना तेव्हा. पार्कमध्ये, बसची ड्यूटी संपवून, युनिफॉर्मवरच. पण ही भाषा आम्हा तिघांनाच येते. आणि केल्विनने स्वतःविरुद्ध मेल पाठवली नसणार. सो, तुझ्या लिस्टवर मी नंबर वन, राइट?"

तो तेव्हा खरंच नंबर वन होता.

४

शुक्रवारी सकाळी ऑफिसची व्हिडिओ मीटिंग होती. माझा बॉस चंद्रहास, हैदराबादचा, बोलायला लागला की थांबत नाही. मी पडद्याच्या खालच्या कडेला बघत होते, कॉल तोडायचा मोह होतो तेव्हा सगळे जिथे बघतात तिथे. तिथे लाल गोल बटण होतं.

मी प्रिंटआउट उचलून पडद्याशेजारी धरला. खालची नखाएवढी लाल कमान बटणाच्या वरच्या कडेवर अशी बसली की जणू तिथूनच कापली होती.

वहीचा कोणी फोटो काढलाच नव्हता. कोणीतरी व्हिडिओ कॉलवर ते पान पाहिलं, पडद्याचंच चित्र घेतलं, आणि बटण दिसू नये म्हणून खालून कापलं. कमान तेवढी राहून गेली. त्यासाठी घरात पाऊल टाकायची गरज नव्हती. आणि जी माणसं घरातच, केल्विनच्या शेजारी, त्याच्याच फोनसमोर बसलेली होती, त्यांना पडद्याचं चित्र घ्यायची गरज नव्हती. रेनीला वही हातात घेऊन साधा, स्वच्छ फोटो काढता आला असता. रेनी सुटली.

नऊ जूनचा कॉल कुठला, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. चार ते बारा जून आमच्या घराण्याची संत अंतोनची नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना. चर्च बंद, म्हणून यंदा ऑनलाइन. रोज संध्याकाळी सात वाजता जपमाळ, आणि ती घ्यायची जबाबदारी माझी. मंगळवार, नऊ तारीख, सहावा दिवस.

त्या दिवशी ब्रिजेट म्हणाली होती, "केल्विन, तुमचा संत अंतोन दिसत नाही रे, दाखव ना." केल्विनने फोनचा कॅमेरा उलटा केला, बोलत बोलत टेबलावरचा पुतळा दाखवला, आणि मेणबत्ती कलली म्हणून रेनी ती सरळ करत असताना फोन तसाच खाली धरून राहिला. सगळ्यांच्या पडद्यावर काही क्षण एक उघडी वही होती. मीही ती पाहिली होती. मनात आलं होतं, एवढा मोठा खेळाडू आणि अक्षर तिसरीतल्या पोरासारखं. मत्सराला कुठलंही खाद्य चालतं.

मी नोव्हेनाचा कागद काढला. कोणी कुठला भाग म्हणायचा ते मी रोज लिहून ठेवत होते. सहाव्या दिवशी बेन्सनच्या नावापुढे मीच लिहिलं होतं: आर्व्हो शिफ्ट, येणार नाही. त्याचा भाग रेनीने म्हटला होता. दुपारी दोन ते रात्री दहा बेन्सन वेअरहाऊसमध्ये होता, आणि तिथे फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो.

मग त्या दिवशी कॉलवर होतं कोण? केल्विन आणि रेनी एका फोनवर. मी माझ्या लॅपटॉपवर. आणि वेरिबीहून एकाच टॅबलेटवर दोघं, ब्रिजेट आणि तिचा नवरा ऑगस्टिन.

मी लॅपटॉप बंद केला. चंद्रहास अजून बोलत होता.

५

मी आधी ब्रिजेटला फोन केला. मेल पाठवणारी ती निघायला मला हवी होती की नको, ते आजही सांगता येणार नाही.

"नोव्हेनाला टॅबलेट कोणाच्या हातात असतो?" मी विचारलं.

"ऑगस्टिनच्या. मी तर डोळे मिटून असते. का गं?"

"त्याला स्क्रीनशॉट घेता येतो?"

"त्याला? अगं त्याचा टॅबलेट भरून गेलाय. पेपरात केल्विनची ओळ आली तरी चित्र काढून ठेवतो. नोव्हेनात केल्विनचा चेहरा दिसला तरी काढतो. मुलगा भेटत नाही, मग करतो बिचारा."

ब्रिजेट मेल पाठवू शकली असती का, हाही विचार मी केला. गोलाचा अर्थ ऑगस्टिनने तिला सांगितला असेल कदाचित. पण मी माझ्या बहिणीला ओळखते. तिला नऊ जूनला कळलं असतं तर दहाला सकाळी तिने क्लबच्या दारात लोळण घेतली असती. सतरा दिवस थांबणं तिच्या रक्तात नाही.

राहिला एक प्रश्न. सतरा दिवस गप्प बसलेला माणूस सव्वीस तारखेला दुपारी पावणेचारला का बोलला? त्या शुक्रवारी तीन वाजता क्लबने एक व्हिडिओ टाकला होता, केल्विनच्या पन्नासाव्या मॅचचा. मी तेव्हा अर्धाच पाहून बंद केला होता. कारण मघाशी सांगितलंच. आता पूर्ण पाहिला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढून वेरिबीला गेले.

ऑगस्टिन मागच्या अंगणात लिंबाला पाणी घालत होता. बासष्ट वर्षांचा, अजून ताठ. ब्रिजेटला मी आतच थांबायला सांगितलं.

"ऑगस्टिन, टॅबलेट दाखव."

त्याने नळ बंद केला. पाइप नीट गुंडाळला, एकेक वेढा. मग म्हणाला, "काढून टाकलंय ते."

"म्हणजे तूच."

"त्याचं डोकं फुटलं असतं, सिंथिया. बाप आहे मी. मी त्याला वाचवलं." हे त्याने इतक्या पटकन म्हटलं, की पाठ केलेलं आहे हे कळत होतं.

"वाचवायचं होतं तर नऊ तारखेला त्याला फोन करायचास. दहाला करायचास. तू सतरा दिवस काय केलंस?"

"म्हटलं पन्नास होऊ दे त्याचे."

"मग होऊ का दिले नाहीस? दोन दिवस राहिले होते."

मी फोन काढून व्हिडिओ लावला. केल्विन कॅमेऱ्यात बघून हसत होता. माझ्या हातात पहिल्यांदा हा चेंडू ग्रॅहमने दिला, तो सांगत होता. मी आज जो आहे तो ग्रॅहममुळे. ही वॉज लाइक अ फादर टू मी. पन्नासाव्या मॅचची जर्सी त्याला ग्रॅहमच देणार होता, व्हिडिओवरून. ग्रॅहम म्हणजे वेरिबीच्या दहा वर्षांखालच्या मुलांचा जुना कोच.

"बंद कर," ऑगस्टिन म्हणाला.

मी बंद केलं नाही.

"बंद कर!" त्याने माझा हात खाली दाबला. "तो चेंडू मी आणला होता. ऑप-शॉपमधून, वापरलेला. मला त्या खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. वसईला आपण गोल चेंडूने खेळलो. मी लायब्ररीत बसून नियम वाचले, डिक्शनरी घेऊन. पोरांना किक शिकवायला आधी स्वतः शिकलो, पार्कात एकटा. लोक हसायचे. ग्रॅहमकडे मी त्याला नेला तेव्हा तो दोन्ही पायांनी मारत होता. ग्रॅहमने काय केलं? शिट्टी वाजवली!" त्याला धाप लागली. "सगळं जग बघतंय आणि हा म्हणतो लाइक अ फादर. मग मी कोण? ड्रायव्हर?"

"म्हणून पाठवलंस."

"मला नुसतं वाटलं, परवा तो माणूस त्याला जर्सी देणार, आणि मी इथे सोफ्यावर बसून टाळ्या वाजवणार. टॅबलेट हातातच होता." तो लिंबामागच्या कुंपणाला टेकला. "पाठवल्यावर दहा मिनिटांनी कळलं काय केलं ते. परत येत नाही ना गं ते. मेल."

"रेनी आठवडाभर तुझ्यासाठी शिक्षा भोगतेय. केल्विन गॅरेजमध्ये झोपतो, ठाऊक आहे ना?"

"ब्रिजेटने सांगितलं."

"आणि तू गप्प."

आत भांडं पडल्याचा आवाज आला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. ब्रिजेटने सगळं ऐकलं होतं.

६

दुपारी बारा वाजता आम्ही तिघं ट्रुगानिनात केल्विनच्या घरासमोर पोचलो. त्याच वेळेला साल्टवॉटरची टीम विमानात बसत असणार. ऑगस्टिनने इस्त्रीचा शर्ट घातला होता. ब्रिजेट गाडीतून उतरलीच नाही.

मी ऑगस्टिनला सांगितलं होतं, मी बोलणार नाही, तुलाच बोलावं लागेल, आणि रेनीसमोर. तो बोलला. काही लपवलं नाही. ग्रॅहमचंही सांगितलं. केल्विन गॅरेजच्या शटरपाशी उभा राहून ऐकत होता, डोळ्यांवर काळा चष्मा. उन्हासाठी नव्हता तो.

ऐकून झाल्यावर तो आधी बापाकडे आला नाही. पायरीवर बसलेल्या रेनीकडे गेला आणि तिच्यापुढे खाली बसला. "आय ॲम सॉरी," म्हणाला. "मी तुला... सॉरी, रेनी." ती त्याच्याकडे बघत नव्हती. पण त्याने हात पुढे केला तेव्हा तिने तो झटकला नाही. इतकंच. तेवढ्यावर मला वाटलं, आठवडा वाया गेला नाही.

मग तो उठला.

"पप्पा, व्हिडिओमध्ये तुमचंही होतं. तुमच्याबद्दल मी पाच मिनिटं बोललो होतो. क्लबने कापलं. दीड मिनिटाचा व्हिडिओ हवा होता त्यांना. आणि ग्रॅहमचं त्यांनीच अरेंज केलं, तो नर्सिंग होममध्ये आहे, चांगली स्टोरी होईल म्हणून. मी तुम्हाला रात्री फोन करून सांगणार होतो."

ऑगस्टिनने एक पाऊल पुढे टाकलं.

"पण ते जाऊ दे," केल्विन म्हणाला. "तुम्ही मला वाचवायला पाठवलं असतं तर मी चिडलो असतो, दोन महिन्यांनी तुमच्या पाया पडलो असतो. जळून पाठवलंत, तेही मी समजू शकतो. बेन्सन आयुष्यभर जळतोय, मी त्याच्यावर कधी रागावलो नाही. मला एकच सांगा. तुम्हाला नऊ तारखेला कळलं. तेराला मी खेळलो. वीसला खेळलो. वीसला मला परत डोक्याला लागलं, तिसऱ्या क्वार्टरला. टीव्हीवर रिप्ले दाखवला, तीनदा." त्याने चष्मा काढला. "तुम्ही बघत होतात ना?"

ऑगस्टिन खाली बघत होता.

"पप्पा, बघत होतात ना?"

"हो," ऑगस्टिन म्हणाला.

केल्विनने मान डोलावली, एखादी साधी माहिती मिळाल्यासारखी. मग रेनीला हाताला धरून उठवलं, आणि दोघं आत गेले. दार लावलं, आपटलं नाही.

परत जाताना ब्रिजेट पहिल्यांदा बोलली. नवऱ्याशी नव्हे, माझ्याशी. "तुला हे रेनीवरच राहू देता आलं असतं. नवरा-बायकोचं मिटलं असतं कधीतरी. तू माझं घर फोडलंस. तुला नाही ना कोणी, तुला काय कळणार."

तिचं चुकत होतं, पण सगळंच चुकत नव्हतं. लाल कमान बटणावर बसली त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो सगळा केल्विनसाठी नव्हता.

पुढच्या आठवड्यात सगळं शहर बंद झालं आणि आमच्या घरातल्या अबोल्याला सरकारी कारण मिळालं. न्यूरॉलॉजिस्टने केल्विनला वर्षभर मैदानाचं नावही काढायचं नाही असं सांगितलं. सप्टेंबरमध्ये क्लबने छोट्या यादीत त्याचं नाव ठेवलं नाही, आणि त्यानेही मागितलं नाही. एकोणपन्नास मॅचेसवर त्याची कारकीर्द संपली. गरगरणं हळूहळू कमी झालं. तो आता शिक्षक व्हायला युनिमध्ये जातो, आणि रेनी म्हणते की आता तो सकाळी उठून आधी तिच्याशी बोलतो.

नोव्हेंबरमध्ये निर्बंध उठल्यावर एका रविवारी ब्रिजेटचा फोन आला. चार महिन्यांनी.

"केल्विन आला होता," ती म्हणाली. "आत नाही आला. ड्राइव्हवेमध्येच उभा राहिला. ऑगस्टिन बाहेर गेला. दहा मिनिटं बोलले दोघं."

"काय बोलले?"

"गाडीच्या बॅटरीबद्दल. लॉकडाउनमध्ये उभी राहून आमची बॅटरी गेलीय ना, कुठली घ्यायची ते." ती नाक ओढत होती. "बॅटरीबद्दल का होईना, बोलले गं."

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाला का?"

"तुझ्याबद्दल?" ब्रिजेटला आधी प्रश्नच कळला नाही. "नाही गं. तुझा विषय कुठे निघाला?"

"बरं झालं," मी म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले.